फाळक्यावरची पंगत

हिंजवडीत रस्ता चुकलात तर सोजरबाईंना वाट विचारू नका, असं त्यांच्या गल्लीतले लोक हसत हसत सांगतात. मागे एकदा कंपन्या सुटायच्या वेळी एका गाडीवाल्याने काच खाली करून विचारलं, "आजी, इकडून शॉर्टकट आहे का कुठे?" सोजरबाईंनी जराही न अडखळता सांगितलं, डावीकडे वळ, मग उजवीकडे, मग पिंपळापासून सरळ. तो निघाला तो थेट त्यांच्या जावेच्या अंगणात, म्हशीच्या गव्हाणीसमोर जाऊन थांबला. त्याने ती वाट आणखी कुणाकुणाला सांगितली देव जाणे, पण पुढचा महिनाभर रोज संध्याकाळी पाच-सहा गाड्या जावेच्या अंगणात येऊन उलट्या फिरत होत्या. जाऊ भांडायला आली, तेव्हा सोजरबाई म्हणाल्या, "अगं, तुझ्याकडं पाव्हणं येत न्हाईत म्हणून तूच रडत होतीस न्हवं?"

वय बासष्ट, उंची बेताची, चेहरा असा गरीब की कुणालाही माया यावी. त्या चेहऱ्याने त्यांना आयुष्यभर साथ दिली. लग्न होऊन त्या मुळशीकडून इथे आल्या तेव्हा हिंजवडीत वांगी पिकत होती. त्या आणि त्यांचे मालक हिंदुराव पहाटे टेम्पोतून माल मंडईला न्यायचे. पुढे शेतं गेली, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या आणि घराशेजारचा दीड एकराचा तुकडा तेवढा उरला. त्यावर त्यांच्या मुलाने, साईनाथने, फुटबॉलचा टर्फ केला. जाळ्या लावल्या, दिवे लावले, खाली हिरवंगार प्लास्टिकचं गवत अंथरलं. पहिल्याच दिवशी म्हैस दावं तोडून आत शिरली. "दोनदा तोंड लावलं तिनं," सोजरबाई सांगायच्या, "अन् मग माझ्याकडं अशी बघाय लागली, जसं काय मीच फशिवलंय."

घरात साईनाथची बायको ऋतिका होती. सहकारनगरात वाढलेली, घरापासून दहा मिनिटांवरच्या एका मोठ्या कंपनीत नोकरीला. लग्नाला तीन वर्षं झाली होती. सासू-सुनेचं भांडण कधी झालं नव्हतं, पण गट्टीही जमली नव्हती. ऋतिका बोलायची मोजकं आणि नेमकं. एकदा सोजरबाईंनी तिच्या चपलेत चिंचोके टाकून ठेवले, तर तिने ते काढून वाटीत ठेवले आणि म्हणाली, "आई, हे तुमचे राहिले होते." बस्स, एवढंच. चिडली नाही, हसली नाही. सोजरबाईंना ते फार लागलं.

त्याहून जास्त लागायची दिवाळी. ऋतिकाच्या कंपनीचं काम अमेरिकेचं. तिकडे दिवाळी नसते, त्यामुळे इथे कुणीतरी लॅपटॉप उघडून बसावंच लागे. कुणी बसायचं यावरून दोन विभागांत दर वर्षी वाद व्हायचा. शेवटी त्यांनी तोडगा काढला, दसऱ्यानंतरच्या रविवारी फुटबॉलचा सामना खेळायचा आणि हरेल त्या विभागाने दिवाळी सांभाळायची. त्यातही लक्ष्मीपूजनाचा दिवस कॅप्टनच्या माथी. ऋतिकाच्या विभागाचा संघ लाल, समोरच्यांचा पिवळा. लाल संघ लागोपाठ तीन वर्षं हरला होता आणि लाल संघाची कॅप्टन होती ऋतिका. तीन लक्ष्मीपूजनं ती नवी साडी नेसून कानाला यंत्र लावून खोलीत बसली, आणि सोजरबाई एकट्या स्वयंपाकघरात चकल्या पाडत राहिल्या.

यंदा अमेरिकेतल्या ऑफिसातून आणखी एक नवं खूळ आलं. जेवताना ऋतिकाने घरात सांगितलं.

"टेलगेट पार्टी करायची आहे, मॅचच्या आधी. तिकडे लोक स्टेडियमच्या बाहेर गाड्या लावतात, मागची दारं उघडतात आणि तिथेच खातात-पितात. सणासारखं वातावरण असतं म्हणे."

"घरनं जेवून निघत न्हाईत व्हय?" सोजरबाईंनी विचारलं.

"आई, तो मुद्दा नाहीये."

हिंदुरावांचा घास हातातच राहिला. "टेलगेट म्हंजे काय गं?"

"गाडीचं मागचं दार, बाबा. आपल्या पिकअपला मागे खाली पडतं ना, ते."

"फाळका!" हिंदुराव ओरडलेच. "आरं, फाळक्यावर तर आमी बारा वर्सं जेवलो! मंडईत माल उतरला की फाळका टाकायचा, त्यावर भाकरी ठेवायची, ठेचा ठेवायचा. ही अमेरिका आत्ता शिकली व्हय?"

ऋतिकाच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. मग ती म्हणाली, "मी विचार करत होते, आपल्याकडेच करू या का? टर्फ शेजारीच आहे, अंगणात बारा-पंधरा गाड्या सहज राहतील. जेवण बाहेरून मागवते."

"बाहेरनं? माझ्या अंगणात?" सोजरबाईंनी कपाळावर आठ्या घातल्या. "जेवण मी करीन."

"बरं. पण एक विनंती आहे, आई. कुणाची चेष्टा करायची नाही. माझे सगळे ऑफिसचे लोक असणार आहेत."

"मी कशाला बाई कुणाची चेष्टा करू? मी आपली नुसती वाढीन."

हे त्या खरंच बोलल्या होत्या.

सामन्याच्या आधी लाल संघ दोन संध्याकाळी टर्फवर सरावाला आला. सोजरबाई आणि त्यांची शेजारीण शालन कुंपणाशी खुर्च्या टाकून बघत बसल्या. लाल संघातला एक जण चेंडूला लाथ मारायला गेला आणि त्याचा बूटच गोलात गेला. दुसऱ्या दोघांनी एकाच चेंडूसाठी एकमेकांना पाडलं. ऋतिका तेवढी वाऱ्यासारखी पळत होती, पण ती एकटी पळून काय होणार?

"हे न्हाय जिंकत," शालन म्हणाली. "तुझी सून बसली बघ यंदा पण लॅपटॉपला ओवाळत."

 रात्री साईनाथला सोजरबाईंनी सहज विचारलं, "का रं, जेवून लगेच खेळता येतं का तुमचं हे?"

"छ्या! भरल्या पोटी पाय उचलत नाहीत. निदान तीन तास आधी काही खायचं नसतं."

"अस्सं," सोजरबाई म्हणाल्या आणि जात्यावरची बाजरी आणायला उठल्या.

शनिवारी त्यांनी बेत ठरवला. नवरात्र संपलं होतं, तेव्हा मटणाला कुणाची आडकाठी नव्हती. मटणाचा दाट रस्सा, बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. न खाणाऱ्यांना भरली वांगी. इंद्रायणीचा चिकट, गरम भात, ज्याच्यावर माणूस नुसता पडला तरी झोपेल. आणि शेवटी वाटीभर बासुंदी. बासुंदीत जायफळ किसताना त्यांचा हात जरा रेंगाळला. जायफळाने झोप येते हे त्यांना ठाऊक होतं. पण चिमूटभर घालून त्यांनी ते डब्यात परत ठेवलं. जास्तीचं जायफळ ही लबाडी झाली असती. आग्रह ही लबाडी नव्हे.

रविवारी सकाळी नऊला गाड्या यायला लागल्या. दसऱ्याचे झेंडूचे हार अजून गाड्यांच्या नाकावर तसेच होते, त्यामुळे अंगण आयतंच सजलं. एका बाजूला लाल संघाने गाड्या लावल्या, समोर पिवळ्या संघाने, डिक्या उघडून एकमेकींकडे. कुणी पताका बांधल्या, कुणी गाणी लावली. मधोमध हिंदुरावांची पिकअप, फाळका खाली टाकलेला, त्यावर पातेली आणि भाकरीची चळत. फाळक्यामागे शालन आणि सोजरबाई.

सामना अकराला होता. साडेनऊला सोजरबाईंनी पहिलं ताट वाढलं ते पिवळ्या संघाच्या कॅप्टनला. समाधान सर, पंचेचाळिशीचे, सडसडीत माणूस. रोज सकाळी दहा किलोमीटर पळतात असं ऋतिकाने सांगितलं होतं.

"मावशी, अर्धीच भाकरी. मॅच आहे."

"अर्धी भाकरी आमच्यात पाव्हण्याला वाढत न्हाईत," सोजरबाई गरिबासारखं तोंड करून म्हणाल्या. "तुमाला आवडली नसंल तर ऱ्हाऊ द्या. आमचं खेड्यातलं रांधणं…"

"नाही नाही, तसं अजिबात नाही! वाढा."

भाकरी संपते न संपते तोच दुसरी ताटात पडली. मग हिंदुरावांच्या नावाची एक. मग, चुलीवरची शेवटची फुगलेली म्हणून एक. रस्सा वाटीत खाली गेला की शालनची पळी वर यायची. समाधान सर म्हणत होते "पुरे", पण तोंडात घास असताना म्हटलेलं पुरे सोजरबाईंना ऐकू येत नसे.

पिवळ्यांची गोलकीपर निकिता मात्र कठीण निघाली. ती लांबूनच म्हणाली, "आजी, मी डाएटवर आहे. गहू, तांदूळ, साखर काहीच नाही."

सोजरबाईंनी भाकरीचा पापुद्रा उचलून तिला दाखवला. "ही मिलेट हाय."

"मिलेट?"

"मिलेट. अन् हे लोणी घरचं. आमची ऋतिका म्हणती, घरच्या लोण्यानं कातडी उजळती." ऋतिका असं कधीच म्हणाली नव्हती. निकिताने तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि बासुंदीची वाटी पुढे झाली तेव्हा साखरेचा विषयही काढला नाही.

इकडे लाल संघ वासाने वेडा झाला होता. एक जण धीर करून फाळक्याशी आला. सोजरबाईंनी त्याच्या हातात दोन केळी ठेवली आणि कोकमाचा पेला दिला.

"आजी, मटण?"

"तू ऋतिकाच्या संघातला न्हवं? म्हंजे घरचा झालास. घरच्यांनी पाव्हण्यांच्या मागनं जेवायचं असतं."

तो पाय आपटत गेला. ऋतिका लांबून बघत होती. आधी तिने पिवळ्या बाजूची ताटं पाहिली, मग आपल्या लोकांच्या हातातली केळी पाहिली, आणि मग सासूच्या गरीब चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. शेवटी ती बुटांच्या नाड्या बांधायला वाकली.

अकराला सामना सुरू झाला आणि सगळं अंगण जाळीपाशी जमलं. पहिल्या पाच मिनिटांतच समाधान सर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. त्यांच्या संघातला एक जण चेंडूमागे धावला, अर्ध्यात थांबला आणि चेंडूला लांबूनच निरोप दिला. निकिता गोलाच्या खांबाला टेकली. मग टेकल्या टेकल्या हळूहळू खाली बसली. शालनला एवढं हसू आलं की तिने तोंडात पदर कोंबला.

पण लाल संघ तो लाल संघच. एक तर खेळ येत नव्हता, त्यात पोटात फक्त केळी. दोन्हीकडची माणसं अशी रेंगाळत होती की हिंदुराव म्हणाले, "मंडईत दुपारी तीनला हमाल बी यापेक्षा भराभरा चालत्यात." शेवटी ऋतिकानेच एकटीने चेंडू नेला आणि बसलेल्या निकिताच्या डोक्यावरून गोलात घातला. एक-शून्य. सोजरबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना हे प्लास्टिकचं गवत बरं वाटलं.

मध्यंतराला फाटकातून एक तरुण पाठीला सॅक लावून धावत आला. हा बुद्धभूषण, येरवड्याचा, पिवळ्या संघातला सगळ्यात चपळ खेळाडू. दसऱ्याला तो आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीला गेला होता. परत येताना मंडळाच्या बसचा टायर फुटला, त्यामुळे आईला घरी सोडून तो तसाच इकडे आला होता.

सोजरबाईंच्या लक्षात आलं, हा जेवलेला नव्हता!

त्या ताट घेऊन लगबगीने पुढे झाल्या. "ये बाबा, दमलास. दोन घास खाऊन घे आधी."

बुद्धभूषणने ताटाकडे पाहिलं. त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं सोजरबाईंना स्पष्ट दिसलं. मग त्याने आपल्या संघाकडे पाहिलं. दोघं जण गवतावर आडवे होते. समाधान सर चड्डीची नाडी सैल करत होते.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "किती भाकऱ्या घातल्यात तुम्ही यांना?"

"आमी मोजत नसतो."

"वाटलंच." तो हसला. "माझं ताट झाकून ठेवा. सकाळपासून पोटात फक्त चहा आहे. मॅच झाली की येतो."

आणि तो गेला. पहिला गोल त्याने चार मिनिटांत केला. दुसरा त्यानंतर सहा मिनिटांत. लाल संघातले लोक तो जवळून गेला की नुसते वळून बघायचे. एक-दोन. ऋतिका घामाने निथळत होती आणि एकदा तिने मनगटाने डोळे पुसले, ते घाम म्हणून की काय ते सोजरबाईंना कळलं नाही.

शेवटची काही मिनिटं उरली. बुद्धभूषण आता मागे, आपल्या गोलापाशी उभा होता, कारण निकिताचा काही भरवसा नव्हता. ती जागा जाळीपासून चार हातांवर. सोजरबाई शालनच्या कानात काहीतरी बोलल्या. शालनने मटणाचं पातेलं उचलून जाळीजवळ आणून ठेवलं आणि झाकण काढलं. सोजरबाईंनी बुद्धभूषणचं ताट वाढायला घेतलं. भाकरी, तिच्यावर लोणी, वाटीत रस्सा. मग त्यांनी मान वर करून, कुठल्याही आईच्या आवाजात हाक मारली.

"ये रं बाबा! वाढलंय! गार व्हायला लागलं!"

वाढलेलं ताट गार होतंय म्हटल्यावर ज्याची मान वळत नाही असा मुलगा अजून कुठल्या घरात वाढलेला नाही. बुद्धभूषणची मान वळली. त्याच क्षणी ऋतिकाने मारलेला चेंडू त्याच्या दोन पायांमधून निघून गेला. दोन-दोन, आणि शिट्टी झाली.

एकच गोंधळ उडाला. समाधान सर पोट धरून, पण तावातावाने जाळीपाशी आले. "हे चालणार नाही! ऋतिका, हा सगळा प्लॅन होता. आम्हाला मुद्दाम खाऊ घातलं!"

ऋतिका सरळ सासूसमोर येऊन उभी राहिली. "आई, खरं आहे?"

खोटं बोलायला सोजरबाईंना कधी जड जात नसे. पण सून इतकी दमलेली होती, इतकी सरळ बघत होती की त्यांना ते जमेना.

"व्हय," त्या म्हणाल्या. "खाऊ घातलं. आता पाव्हण्याला जेवू घातल्याची फिर्याद करायची तर करा. तीन दिवाळ्या झाल्या, ही पोर दार लावून अमेरिकेशी बोलत बसती अन् मी तिकडं चकल्या पाडती. मला बी वाटतं, घरात कुणीतरी असावं. हिला कधी बोलले न्हाई. असं तोंडावर कसं बोलायचं?"

 ऋतिका खाली बघून बुटाच्या टोकाने ते खोटं गवत उकरत राहिली. समाधान सर म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, मावशी, पण सामना बरोबरीत आहे. दिवाळीला बसणार कोण?"

तोवर बुद्धभूषण बाहेर येऊन फाळक्यावर बसला होता आणि त्याचा दुसरा घास चालू होता.

"लक्ष्मीपूजनाला ना? मी बसतो," तो म्हणाला. "मला त्या दिवशी तसंही काही नसतं. बाकीचे दिवस दोन्ही विभाग वाटून घेऊ. फक्त चौदा एप्रिलला माझी ड्यूटी ऋतिकाने करायची. दर वर्षी जयंतीची मिरवणूक दारावरून जाते आणि मी आत कॉलवर असतो."

"चालेल," ऋतिका लगेच म्हणाली. मग थांबून म्हणाली, "पण हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलं कुणी? तीन वर्षं तुम्ही त्यासाठी फुटबॉल खेळताय. मला वाटलं, तुम्हाला खेळाची आवड आहे."

आधी हिंदुराव हसले, मग निकिता, मग बाकीचे. समाधान सरही हसायला गेले, पण त्यांना ते सोसेना. सोजरबाई तेवढ्या हसल्या नाहीत. कुणीतरी आपल्यापेक्षा वरचढ भेटलं की त्या गप्प व्हायच्या. त्यांनी मुकाट्याने बुद्धभूषणच्या ताटात आणखी रस्सा वाढला आणि मग लाल संघाला हाका मारून पंगतीला बसवलं. ऋतिका त्यांच्या शेजारी उभी राहून भाकऱ्या वाढत होती. मध्येच ती पुटपुटली, "मिलेट हाय," आणि सोजरबाईंनी चमकून पाहिलं तर ती पाठमोरी झाली होती. खांदे मात्र हलत होते.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळपासून सोजरबाईंनी चकल्यांची भाजणी, सोऱ्या, दोन पाट, सगळं मांडून ठेवलं होतं. सकाळी आठ वाजले, नऊ वाजले. दहाला त्यांनी हळूच सुनेच्या खोलीचं दार लोटलं. ऋतिका उशीला मिठी मारून गाढ झोपली होती. टेबलावरचा लॅपटॉप बंद होता. तिला एवढी निवांत झोपलेली त्यांनी तीन वर्षांत कधी पाहिली नव्हती. दार तसंच ओढून घेऊन त्या एकट्याच पाटावर बसल्या.

साईनाथ डबा घ्यायला आला. बुद्धभूषणच्या ऑफिसात फराळ पोचवायचा होता. "आई, ऋतिकाला उठवू का? निदान चकल्या तरी…"

"गप जा तू. त्या पोराच्या डब्यात करंज्या जास्त घातल्यात, सांडू नको."

अकराच्या सुमारास जाऊबाई फराळाचं ताट घेऊन आली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि गोड आवाजात विचारलं, "सूनबाई कुठंय? औंदा तर सुट्टी हाय म्हणाली होतीस."

सोजरबाईंनी सोऱ्यातून एक चकली सफाईने फिरवली आणि सगळ्यात गरीब चेहरा केला.

"हळू बोल गं," त्या म्हणाल्या. "आतमधी अमेरिकेशी मीटिंग चाललीय तिची. लई मोठा साहेब हाय म्हणं."

जाऊ चवड्यांवर चालत बाहेर गेली.